पाणचक्की विकणे आहे, पाण्याशिवाय

घर विकण्याच्या जाहिरातीला साहित्यप्रकार म्हणावं का, असं कुणी विचारलं तर मी इटलीतल्या पाणचक्क्यांच्या जाहिराती पुढे करीन. तोस्काना, उंब्रिया, मार्के या भागांत ओढ्याकाठच्या जुन्या पाणचक्क्यांची घरं करून ती विकायला काढलेली असतात. मालमत्तेच्या संकेतस्थळांवर त्यांच्या जाहिराती बाराही महिने दिसतात, आणि ते घर घेण्याची स्वप्नातही ऐपत नसलेली माणसं त्या आवडीनं वाचतात. खरेदीचा हेतू नसताना वाचला जाणारा, डोळ्यांपुढे चित्र उभं करणारा, घटकाभर दुसऱ्याच आयुष्यात नेऊन बसवणारा मजकूर म्हणजे साहित्यच की. मग त्याला साहित्याचे निकषही लावले पाहिजेत.

अशा दहा-बारा जाहिराती ओळीनं वाचल्या की त्यांचा घाट कळतो. पहिलं छायाचित्र कातरवेळेचं: दगडी भिंत, खिडक्यांतून पिवळसर उजेड, कडेनं ओढा. मग शतक सांगितलं जातं. चक्की पंधराव्या, सोळाव्या किंवा सतराव्या शतकातली असते. नेमकं साल क्वचितच असतं. लगेच पुढच्या वाक्यात जीर्णोद्धार येतो, तो मात्र अगदी अलीकडचा. मग खोल्या, न्हाणीघरं, छताच्या उघड्या तुळया, भाजक्या विटांची फरशी, ऑलिव्हची झाडं, पोहण्याचा तलाव, आणि शेवटी पिसा किंवा पेरूजाचा विमानतळ गाडीनं किती अंतरावर आहे ते. जुन्या जात्याचा दगड असतोच. तो हिरवळीत रोवलेला असतो, नाहीतर दिवाणखान्यात चहाचं टेबल झालेला असतो. कुठे जमिनीत जाड काच बसवलेली असते, तिच्यातून खालची चाकाची खोली दिसते.

या मजकुरात क्रियापदांना कर्ता नसतो. घर बांधलं गेलं, जपलं गेलं, सजवलं गेलं. कुणी, ते कळत नाही. शतक आणि जीर्णोद्धार यांच्यामध्ये चारशे-पाचशे वर्षं असतात, ती एका पूर्णविरामात मावतात. आणि जिथे पीठ दळलं जात होतं त्या जागेच्या वर्णनात दळण हा शब्द एखाददुसऱ्या वेळी, तोही भूतकाळातल्या शोभेसारखा येतो. त्या पूर्णविरामात काय होतं ते पाहू. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही, कारण इटालियन इतिहासकारांनी आणि कादंबरीकारांनी ते आधीच लिहून ठेवलं आहे.

*

आधी यंत्र पाहू, कारण जाहिरातीतलं सगळ्यात मोठं अज्ञान यंत्राविषयी आहे.

पाणचक्की म्हटलं की डोळ्यांपुढे भिंतीला लागून उभं फिरणारं मोठं लाकडी चाक येतं. मोठ्या, बारमाही प्रवाहांवर तसं चाक असायचं, यात शंका नाही. पण आपेनिनो डोंगररांगांतल्या असंख्य छोट्या चक्क्या वेगळ्या होत्या. त्यांचं चाक आडवं असे आणि इमारतीच्या पोटात, दगडी कमानीखाली, कुणाला न दिसेल असं फिरत असे. त्याला ‘रित्रेचिने’ म्हणत. चाकाला पळीसारखी पाती, मधोमध उभा दांडा, तो दांडा खालच्या दगडातून वर जाऊन थेट वरच्या दगडाला धरलेला. मध्ये दातेरी चाकं नाहीत, पट्टे नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे जात्याचा एक फेरा. गावातल्या सुतार-लोहारांना दुरुस्त करता येईल इतकं ते साधं होतं.

त्या ओढ्यांना बेताचं पाणी असे. म्हणून वरच्या अंगाला बांध घालून पाटानं पाणी वळवायचं आणि चक्कीच्या डोक्यावर एका दगडी हौदात साठवायचं. पाट म्हणजे ‘गोरा’, हौद म्हणजे ‘बोत्ताच्चो’. हौद भरला की झडप उघडायची, पाण्याची धार पात्यांवर पडायची आणि दळण सुरू व्हायचं. हौद रिता झाला की दळण थांबायचं आणि तो पुन्हा भरेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. एवढ्या वर्णनावरून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे चक्की ही इमारत कमी आणि पाण्याची वाट जास्त होती. पाट कुणाच्या शेतातून येतो, वर कुणी पाणी तोडलं, खालच्या चक्कीला किती सोडायचं, यांवर तिचं जगणं अवलंबून होतं. दुसरी म्हणजे चक्की ही वाट बघण्याची जागा होती. खांद्यावर किंवा गाढवावर पोती घेऊन आलेली माणसं तिथे तासन्‌तास असत.

ऋतूचंही तसंच. या डोंगरांत कित्येक घरांचं मुख्य पीठ गव्हाचं नव्हे, चेस्टनटचं होतं. शरद ऋतूत चेस्टनट गोळा करायचे, धुरावर आठवडेच्या आठवडे वाळवायचे, सोलायचे आणि मग दळायला न्यायचे. तेव्हा पावसानं ओढे भरलेले असत. उन्हाळ्यात ओढे आटत आणि छोट्या चक्क्या मुक्या होत. जाहिरातींतली छायाचित्रं मात्र बहुधा उन्हाळ्यातली असतात: लख्ख ऊन, निळा तलाव, बाहेर मांडलेलं जेवणाचं टेबल. म्हणजे चक्की ज्या काळात बंद असायची, नेमका तो काळ तिचं कायमचं रूप म्हणून विकला जातो. पोहण्याचा तलाव कित्येकदा जुन्या हौदाच्याच जागी असतो. त्यातलं पाणी स्वच्छ आणि स्थिर. त्याला कुठेही जायचं नसतं.

जातं मराठीत अजून जिवंत आहे, म्हणून आपल्याला हे लवकर कळतं. दगड झिजला की त्याला टाकी लावावी लागते, नाहीतर पीठ होण्याऐवजी दाणे नुसते चेंगरतात, हे सांगणारी माणसं आपल्या घरांत होती. दळण्याच्या मोबदल्याला आपल्याकडे ‘दळणावळ’ असा स्वतंत्र शब्द आहे. इटालियनमध्येही तो होता: ‘मोलेंदा’, म्हणजे चक्कीवाला दळणातून स्वतःसाठी काढून घेत असे तो वाटा. जात्याच्या दोन दगडांच्या जोडीला ‘पाल्मेंतो’ म्हणत, आणि चार पाल्मेंतोंनी खाणं म्हणजे बकाबका खाणं, असा वाक्प्रचार आजही बोलण्यात आहे. जो आधी चक्कीवर पोचतो तो आधी दळतो. वाहून गेलेलं पाणी दळत नाही. जो तो आपल्या चक्कीकडे पाणी ओढतो. भाषेत चक्की अशी भूक, रांग आणि स्वार्थ यांच्या संगतीत उरली आहे. जाहिरातीत ती शांततेच्या संगतीत येते.

*

शांतता आणि एकांत हे या जाहिरातींचे आवडते शब्द. घर गावापासून थोडं बाजूला, आडवळणाला आहे, हे त्याचं मोठं वैशिष्ट्य म्हणून सांगितलेलं असतं. ते बाजूला होतं हे खरंच. पण का होतं, आणि तिथे काय चालायचं?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर कार्लो गिन्झबुर्गच्या ‘इल फोर्माज्जो ए इ वेर्मी’ (१९७६) या पुस्तकात आहे. चीज आणि अळ्या असं त्या नावाचं भाषांतर होतं. हे पुस्तक दोमेनिको स्कांदेल्ला या चक्कीवाल्याची गोष्ट सांगतं. फ्रिउली प्रदेशातल्या मोंतेरेआले गावी १५३२ मध्ये जन्मलेल्या या माणसाला लोक मेनोक्किओ म्हणत. त्याला वाचता येत होतं, तो हाती लागेल ते वाचत होता आणि वाचलेलं ऐकेल त्याला सांगत होता. विश्वाच्या सुरुवातीला सगळा गोंधळ होता, दुधाचं जसं चीज होतं तसा त्याचा गोळा झाला आणि त्यात अळ्या पडाव्यात तसे देवदूत निपजले, असं त्याचं म्हणणं. चर्चच्या न्यायासनापुढे १५८४ मध्ये त्याचा पहिला खटला चालला. दुसरा १५९९ मध्ये, आणि त्यानंतर त्याला मृत्युदंड झाला.

असं बोलणारा माणूस चक्कीवाला असावा हा गिन्झबुर्गच्या मते निव्वळ योगायोग नव्हता. चक्की गावाबाहेर, पाणी असेल तिथे; म्हणून पाद्री आणि जमीनदार यांच्या नजरेपासून जरा लांब. तिथे वेगवेगळ्या वाड्या-वस्त्यांची माणसं येत, थांबत, बोलत. बातम्या आणि मतं पिठाबरोबर घरोघर जात. चक्कीवाल्याला जमीनदाराशीही व्यवहार ठेवावा लागे आणि कुळांशीही, आणि दोन्हींकडून संशय सोसावा लागे. शेतकऱ्यांच्या लेखी तो वजनात मारणारा लबाड. सत्तेच्या लेखी बंडखोर विचारांचा अड्डा चालवणारा. खटल्याच्या कागदपत्रांत मेनोक्किओच्या कपड्यांची नोंद आहे: पांढरी बंडी, पांढरा झगा, पांढरी लोकरी टोपी. तो त्याच्या धंद्याचा वेश होता.

हे पुस्तक वाचून पुन्हा जाहिरातीकडे गेलं की एकांत हा शब्द खटकायला लागतो. चक्की गावापासून दूर होती, पण एकटी नव्हती. अख्ख्या परिसरातली ती सगळ्यात गजबजलेल्या जागांपैकी एक असणार. शिवाय दगडांची घरघर, पाण्याचा आवाज, हवेत पिठाची धूळ, गाढवांची लीद. चक्की बंद पडली, माणसं यायची थांबली, तेव्हा ते अंतर नुसतं अंतर म्हणून उरलं. आज त्या अंतरालाच दाम मिळतो.

*

माणसांच्या पाठोपाठ सरकारही चक्कीवर आलं. या भागाविषयी जाहिराती कधीच काही म्हणत नाहीत, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एकीकरणानंतर इटलीचा खजिना रिता होता. १८६८ च्या जुलैमध्ये दळणावर कर बसवणारा कायदा झाला. १ जानेवारी १८६९ पासून तो लागू झाला. त्याचं नाव ‘माचिनातो’. गव्हाच्या क्विंटलमागे २ लिरा, मक्याच्या क्विंटलमागे ८० सेंट. मका हे उत्तरेकडच्या गरिबांचं रोजचं अन्न, म्हणजे कर थेट त्यांच्या ताटावर बसला. वसुली करायची कशी, यावर काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. चक्कीच्या फिरत्या दांड्याला मोजणी यंत्र लावायचं. दगड किती फेरे फिरला ते यंत्र मोजणार आणि फेऱ्यांच्या हिशेबानं चक्कीवाल्यानं सरकारला पैसे भरायचे; त्यानं ते गिऱ्हाइकाकडून वसूल करायचे. पण एका फेऱ्यात किती पीठ पडतं हे पाण्यावर, दगडावर, धान्यावर अवलंबून असतं. सरकारनं ठरवलेला आकडा आणि प्रत्यक्षातलं पीठ यांचा मेळ बसेना. दळणावळीवरून संशयित ठरलेला चक्कीवाला आता सरकारचा वसुली कारकूनही झाला, आपली मर्जी असो वा नसो.

कित्येक चक्क्या त्या जानेवारीत बंद राहिल्या. एमिलिया आणि आसपासच्या प्रदेशांत दंगे उसळले; बंदोबस्तासाठी जनरल राफाएले कादोर्नाला सैन्यासह पाठवलं गेलं. अडीचशेहून जास्त माणसं मेली, हजारावर जखमी झाली, साडेतीन हजारांहून जास्त पकडली गेली. कर पुढे हळूहळू सैल होत गेला आणि १८८४ मध्ये पूर्ण रद्द झाला. तोवर पंधरा वर्षं देशातल्या चक्क्यांचा प्रत्येक फेरा सरकारी हिशेबात होता.

या काळावरची मोठी कादंबरी म्हणजे रिकार्दो बाक्केल्लीची ‘इल मुलिनो देल पो’. १९३८ ते १९४० या काळात ती तीन भागांत पुस्तकरूपानं आली. तिच्यातली चक्की ओढ्याकाठची नव्हे. पो नदीत, फेर्राराजवळ, नांगरून ठेवलेल्या नावांवर तरंगणारी. नेपोलियनच्या रशियातल्या मोहिमेतून परतलेला लाझ्झारो स्काचेर्नी ती उभी करतो आणि पहिल्या महायुद्धापर्यंत त्याच्या घराण्याची गोष्ट चालते. पूर, कर्ज, चोरटी दळणं, कर वसूल करणारे अधिकारी, शेतमजुरांचे संप हे सगळं त्या चक्कीवर येऊन आदळतं. आल्बेर्तो लात्तुआदानं १९४९ मध्ये शेवटच्या भागावर चित्रपट केला, त्यातही कराचा आणि संपाचा काळच आहे.

बाक्केल्लीचा पल्हाळ आजच्या वाचकाला जड जातो हे मान्य करायला हवं. स्काचेर्नींविषयी त्याला वाटणारी माया कधी कधी इतकी वाढते की संप करणाऱ्या मजुरांची बाजू कादंबरीत पातळ होते. पण एक गोष्ट तो कधी विसरत नाही: चक्की ही मालमत्ता असली तरी ती ज्या पाण्यावर उभी आहे ते मालकाचं नाही. नदी कधीही दोर तोडू शकते. त्यामुळे त्याच्या पात्रांना स्वस्थपणा माहीत नाही. घराण्याचा अभिमान आहे, पण बसायला उसंत नाही. जाहिरातीतला चहाच्या टेबलाचा दगड त्या पात्रांनी पाहिला असता तर त्यांनी आधी त्याच्या खाचा पाहिल्या असत्या, आणि टाकी शेवटची कधी लावली ते विचारलं असतं.

*

मग चक्कीची शांत, सुखी जागा झाली कधी? परदेशी गिऱ्हाइकांना दोष देणं सोपं आहे, पण या स्वप्नातला मोठा वाटा इटलीनं स्वतः घडवला, आणि तो बिस्किटांच्या कारखान्यानं घडवला.

पास्ता बनवणारी बारिल्ला कंपनी १९७१ मध्ये एका अमेरिकन कंपनीच्या हाती गेली होती. १९७५ मध्ये तिनं बिस्किटं आणि भाजक्या पदार्थांसाठी नवा छाप काढला: मुलिनो बियांको, पांढरी चक्की. तेलाच्या टंचाईतून देश नुकताच गेला होता, खेड्यांतून शहरांत आलेल्यांची एक पिढी कारखान्यांत आणि सदनिकांमध्ये स्थिरावत होती. अशा वेळी मोठ्या कारखान्यात तयार झालेल्या बिस्किटावर ओढ्याकाठच्या चक्कीचं चित्र आलं. त्यातलं एक बिस्किट गोल, मध्ये भोक असलेलं. नाव ‘माचिने’, म्हणजे जात्याचे दगड. १९९० च्या सुमारास जाहिरातपट आले. त्यांत शहर सोडून एक कुटुंब खेड्यात, चक्कीत राहायला जातं. चित्रीकरणासाठी निवडलेली चक्की खरीच होती, सिएना जिल्ह्यातल्या किउस्दिनोजवळची; पुढे तिथे पर्यटकांच्या मुक्कामाची सोय झाली. आज इटालियन बोलण्यात ‘मुलिनो बियांकोचं कुटुंब’ म्हणजे दाखवण्यापुरतं सुखी, कुठलीच कुरबुर नसलेलं कुटुंब.

त्या जाहिरातपटांनी एक काम फार सफाईनं केलं. चक्कीत राहणारं कुटुंब दळत नाही, कुणी त्यांच्याकडे दळायला येत नाही. चक्की हे फक्त घर आहे आणि सकाळी टेबलावर बिस्किटं आहेत. दळण्याच्या जागेचं राहण्याच्या जागेत रूपांतर गवंड्यांनी करण्याआधी पडद्यावर होऊन गेलं होतं. मेनोक्किओचा पांढरा वेश आणि हा पांढरा रंग यांमधलं अंतर मोजलं, तर आपल्या जाहिरातींतली शांतता कुठून आली ते कळतं.

*

परदेशी वाचकाच्या मनातली इटली मात्र पुस्तकांनी घडवली, आणि त्यांत फ्रान्सेस मेझच्या ‘अंडर द टस्कन सन’चा (१९९६) वाटा मोठा आहे. अमेरिकन कवयित्री आणि प्राध्यापिका असलेल्या मेझनं कोर्तोनाजवळचं ब्रामासोले हे पडीक घर घेऊन दुरुस्त केलं, त्याची ही हकिगत. २००३ च्या चित्रपटानं तिचं प्रेमकथेत रूपांतर करून टाकलं. पुस्तक त्याहून बरं आहे. मेझला दगड, माती, भाज्या यांची खरी ओढ आहे. भिंत बांधायला आलेल्या पोलिश मजुरांना तिच्या पानांत जागा आहे. दुरुस्ती हेच कथानक करण्याची तिची युक्ती कामाची आहे, कारण घर पुरं होत नाही तोवर गोष्ट संपत नाही.

तिच्यानंतर आलेल्या लेखनानं तिची चव उचलली, कष्ट सोडले. आणि एक प्रश्न तिनंही फारसा विचारला नाही: ही घरं रिकामी का होती?

उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. मध्य इटलीतली शेती शतकानुशतकं अर्धेलीनं चालायची, तिला ‘मेद्झाद्रिया’ म्हणत: जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. आयरिस ओरिगोची १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘वॉर इन व्हाल दोर्चा’ ही युद्धकाळातली रोजनिशी वाचली तर ती व्यवस्था मालकिणीच्या बाजूनं, पण डोळे उघडे ठेवून लिहिलेली सापडते. युद्धानंतर माणसं शहरांत, कारखान्यांत निघून गेली. १९६४ मध्ये अर्धेलीचे नवे करार करायला बंदी झाली. शेतं ओस पडली, म्हणून दळण संपलं. पोलादी रुळांच्या आणि विजेवरच्या गिरण्यांनी उरलंसुरलं ओढून नेलं. ओढ्याकाठच्या चक्क्या रिकाम्या राहिल्या आणि मग, साठ-सत्तरच्या दशकांपासून, आधी इंग्रज आणि जर्मन, नंतर अमेरिकन गिऱ्हाईक आलं. ज्या शतकात माणसं गेली ते शतक जाहिरातीतून गाळलेलं असतं, कारण ते सांगितलं तर घराच्या स्वस्ताईचं कारण सांगावं लागतं. ती स्वस्ताई आता उरलेली नाही. कारण तेवढं उरलं आहे.

मेझच्या शेजारी टिम पार्क्सचं ‘इटालियन नेबर्स’ (१९९२) ठेवून वाचावं. वेरोनाजवळच्या गावात तो एका इमारतीत भाड्यानं राहतो. दृश्यं सुंदर नाहीत, पण माणसं आहेत: वरच्या मजल्यावरची, खालची, भांडणारी, नियम सांगणारी. जुनं घर विकत घेणाऱ्याला न मिळणारी गोष्ट त्याला मिळाली, ती म्हणजे कुणाच्या तरी रोजच्या व्यवहारात असणं. चक्की चालू होती तेव्हा चक्कीवाल्याजवळ नेमकी तीच गोष्ट होती.

*

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ही घरं कुणी घेतली नसती तर काय झालं असतं? सोर्रेंतोच्या दरीतली पडकी चक्की पाहा. गावाच्या मधोमध, उंच कड्यांच्या तळाशी, झाडझाडोऱ्यानं गिळलेली. प्रवासी वरून फोटो काढतात आणि पुढे जातात. छप्पर गेलं की दगडी भिंत फार दिवस टिकत नाही. ज्या परदेशी मालकांची मी थट्टा करतो आहे त्यांच्या पैशानं कौलं बसली, तुळया बदलल्या, स्थानिक गवंड्यांना काम मिळालं. मिंचो नदीवरच्या बोर्गेत्तो गावानं आपल्या चक्क्यांची हॉटेलं आणि खानावळी केल्या. निदान तिथे माणसं येतात, थांबतात, खातात. हे सगळं मान्य आहे. चक्की पुन्हा दळायला लागावी असा माझा हट्ट नाही. वापर संपलेल्या वास्तूला दुसरा वापर मिळणं यात गैर काहीच नाही.

माझी तक्रार वास्तूविषयी नाही, मजकुराविषयी आहे. ऐतिहासिक हा शब्द वापरून किंमत वाढवायची आणि इतिहासातलं मात्र फक्त शतक सांगायचं, ही लबाडी आहे. जुन्या चक्कीवाल्यानं मापात मारलं म्हणून त्याला शिव्या पडल्या. इथे माप तेवढंच आहे, आत काही नाही.

आणि याचा संबंध केवळ भूतकाळाशी नाही. इटलीत पाणी सार्वजनिक आहे. प्रवाहातून पाणी वळवायला सरकारी परवानगी लागते, हे १९३३ च्या कायद्यात आहे; १९९४ च्या कायद्यानं भूपृष्ठावरचं आणि जमिनीखालचं सगळंच पाणी सार्वजनिक ठरवलं. म्हणजे चक्की घेणारा भिंती घेतो, जमीन घेतो, कोरडा पाट घेतो; ओढ्याचं पाणी तो घेऊ शकत नाही. चाक पुन्हा फिरवून चार दिवे लावायचे म्हटलं तरी परवानगी हवी. छायाचित्रात सगळ्यात पुढे असलेली गोष्ट विक्रीत नसते. उलट बाजूनं, पाणी मात्र चक्कीला विसरत नाही. मे २०२३ मध्ये एमिलिया-रोमान्यात वीसहून अधिक नद्या काठ सोडून बाहेर आल्या, डोंगर खचले, माणसं मेली. पाण्याच्या अगदी काठावर घर बांधायचं काम पूर्वी एकच माणूस करत असे, कारण त्याला पाण्याची गरज होती. बाकीचं गाव शहाणपणानं वर टेकडीवर होतं. चक्कीवाल्याला तो धोका त्याच्या पोटासाठी पत्करावा लागे. नव्या मालकाला तो नयनरम्य म्हणून दाखवला जातो.

चांगली जाहिरात कशी असेल? ती लांब असायची गरज नाही. पाट कुठून निघतो आणि अजून कुणाच्या शेतांतून जातो, पाण्याची परवानगी चालू आहे की केव्हाच संपली, चाक आडवं होतं की उभं, शेवटचं दळण कोणत्या दशकात झालं आणि कशाचं, ओढा गेल्या पन्नास वर्षांत कुठवर चढला होता. एवढी पाच वाक्यं घरात घातली तरी त्यात माणसं दिसायला लागतात, आणि घेणाऱ्याला आपण कशाच्या शेजारी झोपणार आहोत ते कळतं. अशी जाहिरात मी अजून वाचलेली नाही. विकणाऱ्याला ती लिहिता येणार नाही असं नाही. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर यातली तीन वाक्यं अर्ध्या तासात मिळतील. बाकीची दोन सरकारी दप्तरात आहेत.